घरातला पैसा हिशेबात बसत नसेल तर: जुगाराचं व्यसन ओळखणं आणि मदत मिळवणं

दारूचा वास येतो, गुटख्यानं दात रंगतात. जुगाराचं तसं काही नाही. माणूस वेळेवर जेवतो, शुद्धीत असतो, लेकराच्या वाढदिवसाला केकही आणतो, आणि चार एकरांतलं एक एकर कधी गहाण पडलं ते घरात कुणालाच कळत नाही. मराठवाड्यात ही लपवालपवी जास्तच सोपी जाते, कारण आपल्याकडं पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. सोयाबीनची पट्टी (आडत्याकडचा विक्रीचा हिशेब आणि पैसे) दिवाळीच्या आसपास, कापसाचे पैसे वेचणीप्रमाणं, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीनं, ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, हंगामाआधी एकरकमी. पीकविमा आला तर आला. त्यात चाळीस हजार कमी पडले तर "भाव पडला", "आडत्यानं कापले", "बियाण्याची उधारी भागवली" ही उत्तरं तयारच असतात, आणि पाऊसपाण्याचं हे असं असताना ती खरीही वाटतात.

ज्या घरात नुकताच संशय यायला लागलाय, त्या घरासाठी हा लेख आहे. जो स्वतः खेळतोय आणि रात्री झोप येत नाही म्हणून मोबाइल उघडून बसलाय, त्याच्यासाठीही आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: माणसाच्या स्वभावामागं लागू नका, पैशामागं लागा. पैसा कुठून कुठं गेला हे कळलं की निम्मं निदान होतं, आणि त्याची वाट अडवली की उपचाराला जागा मिळते. शपथा, भांडणं, मामा-काकांची बैठक हे सगळं नंतरचं. बऱ्याच घरांत त्याचीच सुरुवात आधी होते, म्हणून तर वर्षं वाया जातात.

पायरी 1: खेळ कोणता चाललाय ते बघा

गावाकडं दोन जुने प्रकार अजून टिकून आहेत, पत्त्यांतला तिर्रट आणि मटका. श्रावण लागला की पोळ्यापर्यंत कुठं शेतातल्या आखाड्यावर, कुठं देवळामागं डाव पडतोच. सणाला चार डाव खेळणारे सगळे व्यसनी नसतात, हे आधीच सांगतो, नाहीतर हा लेख वाचून कुणी म्हाताऱ्या आजोबांच्या मागं लागायचं. मटक्याचा जन्म मुंबईतला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडे लावले जायचे, त्यातून 1960 च्या दशकात तो वाढला. पुढं कापसाच्या भावाशी संबंध उरला नाही, आकडा तेवढा राहिला. आता चिठ्ठी टपरीवर कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त लिहिली जाते.

तिसरा प्रकार क्रिकेटचा सट्टा. यात पोरं "आयडी घेतली" म्हणतात. बुकी एखाद्या साइटचा आयडी-पासवर्ड देतो, आगाऊ पैसे टाकले की तेवढे पॉइंट चढतात आणि मॅच सुरू असताना चेंडूगणिक भाव बदलत राहतो. घरातल्या कुणाच्या तोंडून "आयडी", "पॉइंट", "खाया-लगाया", "सेशन" असले शब्द ऐकू यायला लागले तर तो नुसती मॅच बघत नाहीये.

चौथा प्रकार मोबाइलमधली रमी, तीनपत्ती, रंगावर किंवा विमानावर पैसे लावायचे खेळ. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत मंजूर झाला आणि 22 ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, पण खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. तेव्हा बऱ्याच घरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो जरा लवकरच सोडला. परदेशातून चालणाऱ्या साइट्स, टेलिग्रामवरून येणाऱ्या अ‍ॅपच्या फाइली आणि बुकीच्या आयडी यांना दुकानाचा बोर्ड लागत नाही.

पाचवा प्रकार जुगारात धरावा की नाही यावर लोक वाद घालतात: शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर केलेले मुदतीचे सौदे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स या सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात होते. गुंतवणूक म्हणून शेअर घेऊन ठेवणं वेगळं. पण जो सकाळी सव्वानऊला मोबाइल घेऊन बाथरूममध्ये शिरतो आणि गेलेले पैसे त्याच दिवशी परत काढायचे म्हणून दुप्पट लावतो, त्याच्या खुणा मटकेवाल्यापेक्षा वेगळ्या नसतात.

खेळणारा नेहमी घरचा कर्ता पुरुषच असतो असं धरून चालू नका. लातूरला क्लाससाठी ठेवलेला पोरगा, संभाजीनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी भाची, दुपारच्या मोकळ्या वेळात मोबाइलवर खेळणारी घरातली बाई, यांच्यापैकी कुणीही असू शकतं.

पायरी 2: छंद की व्यसन, ते तपासा

डॉक्टर लोक यासाठी दोन साधे प्रश्न वापरतात. एक: जास्त, आणखी जास्त पैसे लावावेसे वाटतात का? दोन: किती लावले याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलंय का? दोन्हीपैकी एकाचंही उत्तर "हो" आलं तर पुढची तपासणी करून घ्यायला हवी. स्वतःला विचारायला हे प्रश्न उत्तम. दुसऱ्याला विचारलेत तर पहिल्या खेपेला उत्तर बहुधा "नाही" येईल.

सविस्तर निदानात नऊ गोष्टी बघतात आणि वर्षभरात त्यांतल्या चार किंवा जास्त दिसल्या तर त्याला जुगाराचा विकार म्हणतात. पूर्वीइतकीच मजा यायला रक्कम वाढवावी लागणं, कमी करायला गेलं की चिडचिड आणि अस्वस्थता, बंद करायचे फसलेले प्रयत्न, डोक्यात सतत तोच विचार, मन उदास झालं की खेळायला जाणं, हरलेलं परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणं, खोटं बोलणं, नोकरी-शिक्षण-नातं पणाला लागणं, आणि शेवटी भागवायला दुसऱ्यांकडं हात पसरणं. मानसिक आजारांच्या दोन्ही मोठ्या वर्गीकरणांत आता हा आजार दारूच्या आणि इतर व्यसनांच्या शेजारी बसवलेला आहे. त्यामुळं "मनावर घेतलं तर सुटंल की" हे वाक्य दारूड्याला जेवढं लागू पडतं तेवढंच इथं.

घरातून मात्र हे नऊ मुद्दे दिसत नाहीत. घरातून दिसतं ते वेगळं. पट्टी झाल्यावर आडत्याची पावती घरी न येणं. पासबुक भरून न आणणं. फोन उलटा ठेवणं, यूपीआयचा पिन अचानक बदलणं, बँकेचे मेसेज पुसलेले असणं. "भिशीत लावलेत", "मित्राला दिलेत" असं म्हणणं, आणि त्या मित्राचं नाव दर खेपेला वेगळं निघणं. सोनं "पॉलिशला" जाणं. बचत गटाचा हप्ता थकणं. मॅचच्या रात्री किंवा मटक्याचा क्लोजचा (शेवटचा) आकडा फुटायच्या वेळेला अंगात वारं शिरल्यासारखी येरझार. आणि एक खूण लोकांच्या लक्षात येत नाही: मधेच एखाद्या दिवशी कारण नसताना खूप उदार होणं, सगळ्यांना कपडे, मटणाचा बेत. तो जिंकलेला दिवस असतो. पंधरा-वीस दिवसांनी पेट्रोललाही पैसे नसतात.

एक कमी माहीत असलेली गोष्ट. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी, विशेषतः प्रामिपेक्झोल आणि रोपिनिरोल या औषधांनी, कधी न खेळलेल्या माणसालाही जुगाराची अनावर ओढ लागू शकते. घरातल्या वयस्कर माणसाच्या बाबतीत असं अचानक झालं तर त्याला दोष देऊ नका. गोळ्या मनानं बंदही करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. तसंच झोप न लागता प्रचंड उत्साह, मोठमोठ्या गप्पा आणि त्याबरोबर उधळपट्टी असं एकदम सुरू झालं तर तो वेगळा मानसिक आजार असू शकतो, आणि त्यावर औषध आहे.

तो थांबत का नाही

घरच्यांना हे समजलं नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या रागातच केल्या जातात, म्हणून थोडं थांबतो.

मटक्याचं गणित बघा. एकेरी आकड्याला साधारण दहा रुपयांना नव्वद असा भाव असतो. आकडे दहा. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर गेले, नव्वद परत आले. म्हणजे खेळ कितीही हुशारीनं खेळला तरी दर शंभरामागं दहा रुपये चालवणाऱ्याच्या घरी जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. जुन्या आकड्यांचा चार्ट बघून, स्वप्नातल्या आकड्यावरून, गाडीच्या नंबरवरून काही बदलत नाही. हे खेळणाऱ्यालाही ऐकून माहीत असतं. तरी तो लावतो, कारण मेंदूला सरासरी कळत नाही, त्याला कधीतरी लागलेला आकडा आठवतो. सात लावला आणि आठ आला तर ती हार वाटत नाही, "थोडक्यात हुकला" वाटतं, आणि हुकलेला डाव जिंकलेल्या डावाइतकाच पुढं ओढतो. मोबाइलमधल्या खेळांत तर ही हुकाहुकीच मुद्दाम रचलेली असते.

त्यावर कर्ज. दोन लाख गेले की ते दोन लाख मजुरीतून किंवा शेतीतून फेडायला किती वर्षं लागतील हे त्याला दिसत असतं. एका रात्रीत फिटण्याचा एकच रस्ता त्याला ठाऊक असतो, आणि तो पुन्हा तिथंच जातो. इथं लोभापेक्षा घाबरणं जास्त असतं. हे लक्षात ठेवून पुढचं बोलणं करा.

पायरी 3: बोलण्याआधी घरातलं विष कुलपात

ही पायरी वगळू नका. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाला सगळ्यात धोक्याचा दिवस कोणता? खोटं उघडं पडतं तो दिवस, किंवा सावकार दारात येतो तो. आपल्या भागात फवारणीची औषधं घराच्या आडोशालाच असतात. ती आधी कुलपात टाका किंवा शेजारच्या घरी ठेवा. "आता सगळं संपलं", "माझ्यामागं लेकरांना बघा" असं काही तो बोलला, अचानक सगळ्यांचा निरोप घ्यायला लागला किंवा विम्याची कागदं काढून ठेवायला लागला, तर त्याला एकटं सोडू नका. रात्री कुणीतरी जवळ झोपा. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारलं तरी चालतं, विचारल्यानं तो विचार डोक्यात नव्यानं शिरत नाही.

टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. खेळणाराही फोन करू शकतो, बायको किंवा आईसुद्धा. काही घेतलंच असेल तर 112 किंवा 108, आणि थेट दवाखाना. पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे, उलट सिद्ध झालं नाही तोवर असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही.

पायरी 4: बोलायचं कसं

वेळ निवडा. तो नुकताच हरून आलाय किंवा पिऊन आलाय तेव्हा नको, पाहुण्यांसमोर नको, जेवताना तर मुळीच नको. दोनच माणसं असावीत. आरोपानं सुरुवात केली की नकार येतो, म्हणून आकड्यानं सुरुवात करा.

बायको म्हणेल: "अहो, पट्टी एक लाख ऐंशीची झाली, घरात नव्वद आले. बाकीचे कुठं गेले ते मला समजंना गेलंय. मी भांडायला बसले नाही. किती अंगावर हाय ते सांगा, सगळं सांगा, अर्धं नको."

थोरला भाऊ धाकट्याला म्हणेल: "हे बघ, आयडीचं मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नको. मारणार नाही, अण्णांनाबी आज सांगणार नाही. पण कुणाकुणाचं देणं हाय ते कागदावर लिहू आपण दोघं."

पहिल्या दिवशी खरा आकडा येत नाही. "चाळीस हजार" म्हणाला तर मनात जास्तच धरा. लाज मोठी असते, ती हप्त्याहप्त्यानं उतरते. आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडली की तो आणखी लपवतो, आणि लेकराला ताप आला तरी आपल्यामुळंच आला म्हणून झुरत बसतो. माळ घालणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. माळेनं व्यसन सुटतं असं मी म्हणणार नाही, पण माळ घातलेल्या माणसाची संध्याकाळ हरिपाठात जाते, चार माणसं सोबत असतात, आणि संध्याकाळ रिकामी नसणं हा अर्धा उपाय आहे. डॉक्टर सोडून नको, डॉक्टरच्या जोडीला.

पायरी 5: पैशाची वाट अडवणं

सगळं कर्ज एका कागदावर घ्या: कुणाचं, किती, कशावर, तारण काय. मग त्याचे चार ढीग करा, कारण प्रत्येकाला वागवायची रीत वेगळी.

पहिला ढीग बुकीचा आणि डावावरच्या उधारीचा. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेल्या रकमेसाठी कोर्टात दावा चालत नाही. म्हणजे "कोर्टात खेचतो" ही धमकी पोकळ. पण कोरा चेक किंवा सही केलेला स्टँपपेपर त्याच्या हातात असेल तर गप्प बसू नका, वकिलाला आजच दाखवा. मारहाणीची धमकी असेल तर तक्रार लिहून द्या. फोनवर आलेल्या धमक्या पुसू नका.

दुसरा ढीग खासगी सावकाराचा. महाराष्ट्रात सावकारी करायला परवाना लागतो, विनापरवाना सावकारी हा 2014 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, हे यातले अधिकारी. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर गेल्या पंधरा वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी करून ती परत देण्याची तरतूद कायद्यात आहे. "खरेदीखत झालंय, आता काय होतंय" असं म्हणून सोडून देणारे बरेच असतात. अर्ज तरी करा.

तिसरा ढीग मोबाइलवरच्या कर्ज अ‍ॅपचा. फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना फोन करणं, फोटो बिघडवून पाठवायची धमकी देणं, हे यांचे धंदे. 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्यालाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

चौथा ढीग बँक, पतसंस्था, बचत गट, नातेवाईक. हे खरं कर्ज, हे फेडायचं आहे. शाखेत जाऊन हप्ते वाढवून मागा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. सगळं कर्ज एकरकमी फेडून त्याला मोकळं करायचा मोह होतो, विशेषतः आईवडिलांना. अर्धा एकर विकू, एकदाचं संपवू. असं करू नका. उपचार सुरू नाहीत, पैशावर लक्ष नाही, अशा वेळी कोरी झालेली पाटी म्हणजे त्याच्या मेंदूला "आता पुन्हा खेळता येतं" एवढाच निरोप असतो. फेडायचं तर ज्याचं देणं आहे त्याच्या हातात थेट द्या, पावती घ्या, आणि हप्त्यानं द्या. त्याच्या हातून नको.

हातातल्या पैशाचं असं करा. पट्टी, बिल, पगार येतो ते खातं त्याच्या संमतीनं संयुक्त करा आणि दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सूचना बँकेत लिहून द्या. यूपीआय त्या खात्यावरून काढा. रोजच्या खर्चाला वेगळं छोटं खातं ठेवा, त्यात आठवड्याचे पैसे टाका. एटीएम कार्ड घरात दुसऱ्याकडं. क्रेडिट कार्ड बंद. सोनं लॉकरमध्ये किंवा माहेरी. सातबारा महिन्यातून एकदा महाभूलेखवर बघायचा, नवा बोजा चढलाय का ते. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींसह बाकी हिस्सेदारांचाही तिच्यात हक्क असतो. विक्रीची कुणकुण लागली तर तालुक्याच्या वकिलाला भेटून मनाईसाठी काय करता येईल ते विचारा.

एक धोका नवा आहे. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" म्हणून सट्टेवाले पोरांची खाती भाड्यानं घेतात. अनोळखी लोकांचा पैसा खात्यातून फिरलेला दिसला तर ते खातं गोठण्याची आणि पोलिसांची नोटीस येण्याची वाट बघू नका. स्टेटमेंट काढा, वकिलाला दाखवा आणि बँकेला लेखी कळवा.

पायरी 6: फोन

फोन हिसकावून काही साधत नाही, शंभर रुपयांत दुसरं सिम आणि मित्राचा जुना फोन मिळतो. त्याच्यासमोर बसून त्यानंच करायचं: आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक, टेलिग्रामच्या टिपांचे चॅनल बंद, यूपीआयमधले ऑटोपे (आपोआप पैसे कापायच्या परवानग्या) रद्द, बाहेरून आलेल्या फाइलींतून अ‍ॅप टाकायची परवानगी बंद. बेटब्लॉकर नावाचं जुगाराच्या साइट्स अडवणारं मोफत अ‍ॅप आहे, ते टाका. व्यवहाराची जुनी नोंद मात्र पुसण्याआधी तिचे फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागते.

पायरी 7: डॉक्टर

लोक विचारतात, जुगाराला कसला डॉक्टर? मानसोपचारतज्ज्ञ. मराठवाड्यात त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेडचं विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, या वैद्यकीय महाविद्यालयांच्या ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. जवळचं कोणतं, कोणत्या वारी, हे 14416 वर विचारलं तरी सांगतात.

सकाळी लवकर जा, खिडकीवर "मानसोपचार ओपीडी" म्हणून केसपेपर काढा. आत गेल्यावर "टेन्शन हाय, झोप येत नाही" एवढंच सांगून उठू नका. बरेच जण तेवढंच सांगतात आणि झोपेची गोळी घेऊन घरी येतात. "जुगाराचं व्यसन लागलंय, इतकं कर्ज आहे" हे शब्द उच्चारा. दारू चालू असेल तर तेही सांगा, दोन्ही बऱ्याचदा जोडीनं असतात. डॉक्टर ही माहिती गुप्त ठेवायला कायद्यानं बांधलेले आहेत. दवाखान्यात गेलं की पोलिसांना कळतं ही भीती निराधार आहे.

पुढं काय होतं? खास जुगाराची अशी मान्यताप्राप्त गोळी नाही. मुख्य उपचार बोलण्याचा: कोणत्या वेळी, कुठल्या माणसासोबत, कसल्या मनःस्थितीत ओढ येते ते शोधायचं, "आता लागणारच" या विचाराला उलटतपासणी करायची, ओढ आली की ती अर्धा-पाऊण तास कशी काढायची ते शिकायचं. ओढ चढते तशी उतरतेही, हे पहिल्यांदा अनुभवलं की माणसाला धीर येतो. सोबत उदासीनता असेल तर तिची औषधं, आणि काही जणांना नाल्ट्रेक्सोनसारखं ओढ कमी करणारं औषध डॉक्टर देतात. एका भेटीत काही होत नाही. गावावरून येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून चार-सहा महिन्यांची तयारी ठेवा. येणं शक्य नसेल त्या वेळी टेली-मानसवरून बोलणं चालू ठेवा. गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस ही खेळणाऱ्यांनीच चालवलेली संघटना 1957 पासून आहे आणि तिच्या बैठका ऑनलाइनही होतात. गावात ओळख निघेल म्हणून घाबरणाऱ्याला हा रस्ता सोयीचा.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकायचं असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, आणि जुगारावर समुपदेशन आहे का? घरच्यांना महिनोन् महिने भेटू देत नाहीत, बांधून ठेवतात असं कळलं तर तिथून परत फिरा. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे.

घरच्या बाईसाठी वेगळं

दागिने विकले, घरखर्चाला पैसे देत नाही, तुमच्या नावावर गटाचं कर्ज काढायला लावतो, हे कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 मध्ये आर्थिक छळात मोडतं. घर-दागिने विकण्यावर कोर्टाकडून मनाई आणता येते, आणि ती नवरा सोडल्याशिवायही आणता येते. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा 181 वर चौकशी करा. बाईला उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा 15100 वर. कोऱ्या कागदावर, कर्जाच्या फॉर्मवर, जामीनदार म्हणून सही करू नका, तो कितीही रडला तरी. टेली-मानसला स्वतःसाठीही फोन करा, तुमची झोपही गेलेली असते.

पायरी 8: पुन्हा घसरला तर

घसरतो. बहुतेक जण एकदा तरी घसरतात. तेव्हा "तुझं काही व्हायचं नाही" म्हणून सगळं सोडून दिलं तर आतापर्यंतचं फुकट जातं. त्या आठवड्यातच डॉक्टरांची पुढची भेट घ्या आणि पैसा कुठल्या फटीतून हातात आला ते शोधा, फट नक्की सापडते.

घरातल्या कॅलेंडरवर धोक्याचे दिवस आधीच लिहून ठेवा. मार्चच्या अखेरपासून मे महिन्यापर्यंत आयपीएल. श्रावण ते पोळा. लक्ष्मीपूजनाची रात्र. आणि सगळ्यांच्या वरताण, पैसा हातात पडायचा आठवडा: सोयाबीन विकल्याचा, उचल मिळाल्याचा, विम्याचे पैसे खात्यावर आल्याचा. त्या दिवशी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्याच्याबरोबर कुणीतरी जा, पट्टीचे पैसे संयुक्त खात्यावर जमा करून मागा, आणि दवाखान्याची तारीख त्याच आठवड्यात पडेल असं बघा.